बाजारात तुरी

बीदरहून औरादकडे निघालं की जनवाडा लागतं. या पट्ट्यात खरिपात मूग, उडीद, सोयाबीनच्या मध्ये तुरीच्या ओळी सोडतात. मूग-उडीद पोळ्याच्या आसपास घरात येतात, सोयाबीन दसरा-दिवाळीला. तूर मात्र पौषापर्यंत रानात उभी. सोसायटीचं कर्ज आणि उन्हाळ्यातलं लग्न तिच्यावर ढकललेलं असतं. त्यामुळे जानेवारीत बीदरच्या गांधीगंजात काय भाव फुटला, हाच इथला खरा अर्थसंकल्प. शेजारच्या कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने भाव बांधून मिळत नाही.

तो हलतो दिल्लीच्या एका अधिसूचनेने, आणि तिचं दुसरं टोक आफ्रिकेत आहे.

२०१५ च्या दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली आणि शहरांत ओरड झाली. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला: पहिल्या वर्षी एक लाख टन तूर, २०२०-२१ पर्यंत दोन लाख. तिथल्या नाम्पुला, झांबेझिया भागातले छोटे शेतकरी ती मक्यासोबत लावतात. शेजारच्या मलावीत तूर घरोघरी शिजते. मोझांबिकमध्ये ती मुख्यतः भारतासाठीच पिकते.

त्याच हंगामात आपल्याकडेही चढा भाव पाहून सगळ्यांनी तूर पेरली. पाऊसही साथीला होता. देशात सुमारे ४८ लाख टन पीक आलं, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये, बाजारात त्याहून खाली. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. शेवटी ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली. तेव्हा मोझांबिकमध्ये काढणी सुरू होती. दिल्लीने सांगितलं म्हणून पेरलेल्या तुरीचे तिथे भाव कोसळले. इकडच्या शेतकऱ्याला सावरायला घेतलेला निर्णय तिकडच्याच्या मुळावर आला.

मे २०२१ मध्ये दार पुन्हा उघडलं आणि मुक्त आयातीला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. २०२३ मध्ये मोझांबिकमधल्या व्यापारी कंपन्यांच्या कोर्टकचेरीत नकाला बंदरावर माल अडकला, आणि इकडे डाळ आणखी महागली. तुरी बाजारात असतानाच घरात भांडण लागतं हे आपल्याला ठाऊक होतंच. आता तुरी परक्या बंदरात असतानाच लागतं.

खरी मेख वेळापत्रकात आहे. आफ्रिकेची तूर ऑगस्ट ते ऑक्टोबरात निघते आणि दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या बंदरात उतरू लागते. आपली डिसेंबरअखेर. म्हणजे जनवाड्याची मळणी होईपर्यंत डाळमिलवाल्यांची गोदामं भरलेली असतात, आणि घाई विकणाऱ्यालाच असते. २०२५ च्या सुरुवातीला भाव ७,५५० च्या हमीभावाखाली गेला, तेव्हा कर्नाटक सरकारला क्विंटलमागे ४५० रुपये स्वतःच्या तिजोरीतून घालावे लागले.

म्हणून आयातच बंद करा, ही मागणी मला पटत नाही. बहुतेक वर्षी देशाचं पीक देशाच्या गरजेला पुरत नाही. शिवाय जनवाड्यातही ज्याला रान नाही तो डाळ किराणा दुकानातूनच घेतो. स्वस्त डाळ हा काही फक्त मुंबई-बेंगळुरूच्या मध्यमवर्गाचा हट्ट नव्हे. माझी तक्रार उशिराने येणाऱ्या कागदाबद्दल आहे. आयात मुक्त राहणार की नाही, हे मुदत संपत आली की कळतं. किती टन आणायची हे एक वर्ष आधीच, मृगापूर्वी जाहीर झालं तर तुरीच्या ओळी किती सोडायच्या ते इथला माणूस ठरवेल. मोझांबिकमध्ये पेरणी पावसाबरोबर, नोव्हेंबर-डिसेंबरात होते. म्हणजे तोच आकडा तिथेही वेळेत पोहोचेल, फक्त मध्येच तो बदलायचा नाही.