उसाच्या पानाचा फोटो पाठविताना

पावसाळा लागला की आमच्या शेतकी खात्याकडे रोगट पानांचे फोटो येऊ लागतात. पूर्वी सभासद बंधू पानच घेऊन गट ऑफिसला येत, आता मोबाईलवर काम होते. सोय झाली खरी, पण तांबेरा की तपकिरी ठिपके, हे पुष्कळशा फोटोंतून कळतच नाही. कॅमेरा चांगला असतो. फोटो बिघडतो तो हलका करताना.

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० टिंबे. दर टिंबाला ३ बाइट धरले तर कच्चा माल ३६ एमबी भरतो. तो तसाच पाठवायचा तर आपल्याकडच्या रेंजवर सकाळची संध्याकाळ व्हायची! म्हणून १९९२ साली जेपेग ही रीत ठरली. तिच्यामागचे गणित १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी मांडले. पैकी अहमद मूळचे बंगळूरचे.

या रीतीत फोटोचे ८ बाय ८ टिंबांचे वाफे पाडतात. वाफ्यातला ठळक फरक ठेवतात, सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देतात. डोळ्याला उजेड-अंधार जितका बारीक कळतो तितका रंग कळत नाही, म्हणून रंगाची नोंद बहुधा आणखी जाडीभरडी ठेवतात. लग्नाच्या फोटोचे याने काही बिघडत नाही. उसाच्या पानाचे बिघडते. तपकिरी ठिपका ओळखायचा भोवतीच्या पिवळ्या कड्यावरून, आणि तांबेरा पानाच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक नारिंगी-तपकिरी पुळ्यांवरून. फोटो फार दाबला की नेमके तेच जाते. मग अंदाजाने औषध मारले तर खर्च सभासदाच्याच माथी.

गेलेला बारकावा परत येत नाही. साखरेचा पुन्हा ऊस होतो काय? पुन्हा पुन्हा दाबून साठविलेला फोटो दर फेरीला थोडा झिजतो. सबब मूळ फोटो फोनमध्ये तसाच ठेवावा व नक्कल हलकी करावी. आधी कापावे. बांध, बैलगाडी, चिरंजीव नकोत, दुखणाईत पान तेवढे राहू द्यावे. मग रुंदी १६०० टिंबे आणि दर्जा ८० च्या आसपास ठेवला म्हणजे भागते.

संकेतस्थळासाठी गुगलने २०१० साली आणलेला वेबपी प्रकार बरा. गुगलच्या मोजणीप्रमाणे तो जेपेगहून २५ ते ३४ टक्के हलका असतो. ऑनलाइन सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट मात्र पीएनजीतच असावा, त्यात अक्षरांच्या कडा शाबूत राहतात. पानाचा फोटो पीएनजीत केला तर उगाच जड होतो. आयफोनवाल्यांचा एचईआयसी फोटो काही संगणकांवर उघडत नाही, तो जेपेग करून द्यावा.

एवढी यातायात नको असेल तर व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून न पाठविता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. पानाची खालची बाजूही टिपावी. सोबत उसाची जात, लागण की खोडवा आणि गट नंबर लिहावा. नुसता फोटो आला तर तो कुणाच्या फडातला, हे शोधण्यातच आमची दुपार जाते.