पत्ता देऊन भागत नाही

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि ठरलेला वाद पुन्हा रंगला: महागली म्हणून लोक कमी पितील, की देशीकडे वळतील? तिजोरीत वर्षाला चौदा हजार कोटींची भर पडेल, असा सरकारचा अंदाज. चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, तेव्हाही चर्चा दुकानाभोवतीच फिरत राहिली. ज्याला दारू सोडायची आहे आणि सुटत नाही, तो माणूस या वादात कुणाच्याच बाजूला नसतो. एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांमागे एक.

आपल्याकडे उपचार म्हटलं की डोळ्यांसमोर व्यसनमुक्ती केंद्र येतं. पुण्यातल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांनी १९८६ पासून हे काम किती मोलाचं आहे ते दाखवलंही आहे. पण केंद्रातून माणूस परततो तो त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, पगाराच्या त्याच तारखेला. खरी परीक्षा तिथे सुरू होते, आणि तिथे उपयोगी पडते ती घराजवळची, दर आठवड्याला भरणारी मीटिंग. अशा मीटिंग भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस अर्थात ए.ए.मध्ये फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. ‘एकमेकांची रडगाणी ऐकून कुणी सुधारतं का,’ हा प्रश्न बरीच वर्षं विचारला गेला, आणि तो गैरही नव्हता. कॉक्रेन या नामांकित संशोधन-जाळ्याने २००६ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा ठाम पुरावा सापडला नव्हता. २०२० मध्ये मात्र २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती पुन्हा तपासली गेली. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर मानसोपचारांनंतर ३५ टक्के. विशेष म्हणजे मारिका फेरी या दोन्ही आढाव्यांच्या लेखकांत होत्या. पुरावा बदलल्यावर निष्कर्ष बदलणारे संशोधक भेटले की बरं वाटतं.

या आकड्यांतला ‘जोडून देणं’ हा भाग सहज नजरेआड होतो. सिसन आणि मॅलम्स या अमेरिकी संशोधकांचा १९८१ सालचा एक चिमुकला प्रयोग त्यावर नेमकं बोट ठेवतो. वीस जणांचे दोन गट केले. एका गटाला मीटिंगची माहिती, पत्ता, वेळ दिली आणि जा म्हणून सांगितलं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाचं समुपदेशकासमोरच एका जुन्या सदस्याशी फोनवर बोलणं करून दिलं. त्या सदस्याने सोबत येण्याची तयारी दाखवली आणि मीटिंगआधी आठवणही करून दिली. पहिल्या गटातला एकही जण गेला नाही. दुसऱ्या गटातले सगळे गेले. वीस माणसांवरून सिद्धान्त मांडू नये हे खरं, पण आपली रुग्णालयं आणि केंद्रं घरी सोडताना हातात काय देतात ते पाहिलं, तर आपण अजून पहिल्याच गटात आहोत असं म्हणावं लागतं. ज्याने घरच्यांना शंभर वेळा ‘उद्यापासून बंद’ असं सांगितलंय, त्याने एकट्याने जिना चढून अनोळखी खोलीचं दार ढकलावं, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

हे सारं अमेरिकेतलं, आपल्याकडे काय खरं, असा आक्षेप येईल. आकडे जसेच्या तसे इथे लागू होतील असा दावा नाहीच. पण सोबतीशिवाय नव्या ठिकाणी न जाणं हा काही अमेरिकी स्वभाव नाही. आपण तर दवाखान्यातही दोघं-तिघं जातो. तालुक्याच्या गावी ‘कुणी पाहिलं तर?’ ही भीती जास्त रास्त आहे. ए.ए.चा अनामिकतेचा नियम तिच्यासाठीच आहे, आणि शेजारच्या गावची मीटिंग गाठायलाही हरकत नसते. (बारच्या पायरीवर कुणी पाहील याची फिकीर मात्र सहसा नसते.) बायकांची अडचण वेगळी: पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलणं जड जातं, म्हणून स्त्रियांच्या स्वतंत्र मीटिंगची चौकशी आधीच करावी. ए.ए.तल्या ‘ईश्वरी शक्ती’च्या भाषेने नास्तिक बिचकतात. ही शक्ती आपापल्या समजुतीप्रमाणे मानायची मुभा असली, तरी सगळ्यांचं समाधान त्याने होत नाही. एका गटात मन रमलं नाही तर दुसरा पाहावा. गटागटांचा स्वभाव निराळा असतो.

एका बाबतीत मात्र मीटिंगवर विसंबू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. तिथे आधी डॉक्टर, मग मीटिंग. चौकशीसाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. फोन करणाऱ्या नातेवाइकाने जवळच्या गटाचा वार आणि वेळ तर विचारावीच, शिवाय ‘ओपन’ मीटिंग कधी असते हेही विचारावं, कारण तिथे घरच्यांनाही बसता येतं. आणि पिणारा यायलाच तयार नसेल, तर अल-अनॉन ही १९५१ पासूनची संघटना खास कुटुंबीयांसाठी आहे. तिथे बसायला नवऱ्याने दारू सोडलेली असावी लागत नाही. सोडायचं मनात आणलेलंही असावं लागत नाही.