डोळ्यातल्या चार ज्योती

मानवी नेत्र हे एकाच सरळ अक्षावर बसविलेले निर्दोष यंत्र आहे, अशी जी समजूत शालेय पुस्तकांतील आकृत्यांनी आपल्या मनात कायम केली आहे, तिच्याविरुद्धचा पहिला पुरावा टॉमस यंग या इंग्रज विद्वानाने १८०१ सालीच, आणि तोही स्वतःच्या डोळ्याची साक्ष काढून, मांडला होता. आडव्या व उभ्या रेषा आपल्याला सारख्याच स्पष्ट दिसत नाहीत हे ध्यानी येताच त्याने डोळा पाण्यात धरून स्वच्छमंडलाची वक्रीभवनशक्ती जवळजवळ नाहीशी केली. तरीही दोष कायम राहिला, तेव्हा आतले भिंगच तिरपे बसले असावे, असा त्याने निष्कर्ष काढला.

शरीरशास्त्राचा आवश्यक तपशील एवढाच, की नेत्राच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ च्या आसपास बाहेरच्या स्वच्छमंडलाची असते, बाकीची बाहुलीमागील स्फटिक भिंगाची. आणि तीक्ष्ण दृष्टीचा पीतबिंदू अक्षाच्या शेवटी नसून किंचित कानाच्या बाजूस असतो, त्यामुळे आपली दृष्टिरेषा व नेत्राचा अक्ष यांत साधारण ५ अंशांचा कोन पडतो.

परंतु जिवंत माणसाच्या डोळ्यातील भिंगाचा कल मोजावा कसा? या प्रश्नाची किल्ली बोहेमियातील लिबोखोविट्से येथे १७८७ साली जन्मलेल्या पुर्किन्ये या शास्त्रज्ञाच्या हाती लागली. ब्रेस्लाउ येथे प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या या गृहस्थाने १८२३ च्या आपल्या लॅटिन प्रबंधात नेत्राच्या चार पृष्ठभागांवरून (स्वच्छमंडल व भिंग यांच्या पुढच्या-मागच्या बाजूंवरून) परतणाऱ्या चार प्रतिबिंबांचे वर्णन केले. हा प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अंधाऱ्या खोलीत माझ्या भाचीला समोर बसवून, मेणबत्ती तिच्या एका बाजूस सुरक्षित अंतरावर धरून, मी दुसऱ्या बाजूने पाहू लागलो, तेव्हा पहिली ज्योत तेजस्वी व सुलटी. तिला चिकटलेली दुसरी जवळजवळ अदृश्य. तिसरी मोठी, सुलटी, पण धुरकट. आणि चौथी, भिंगाच्या मागील पृष्ठाच्या अंतर्गोल आरशाने घडविलेली, चिमुकली व चक्क उलटी! मेणबत्ती वर नेली की ती खाली जाते. “मामा, दिसली का?” असे ती पुनःपुन्हा विचारीत होती, मी मात्र त्या उलट्या ज्योतीवरून नजर काढू शकत नव्हतो. पदार्थविज्ञानातील इतके सुंदर दृश्य इतक्या स्वस्तात मिळाल्याचा दुसरा दाखला मला ठाऊक नाही.

सर्व पृष्ठभाग एकाच अक्षावर असते, तर त्या अक्षावरून प्रकाश टाकून पाहताच चारी ज्योती एका रेषेत आल्या असत्या. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या मारिउस चेर्निंग या डॅनिश नेत्रशास्त्रज्ञाने कंसावर सरकणारे दिवे व मध्ये दुर्बीण अशी तजवीज करून हेच तपासले, आणि स्वच्छमंडल व भिंग यांचा मेळ पूर्णपणे बसत नाही असे त्यास आढळले.

ही विसंगती म्हणजे निसर्गाची हयगय, असे पुष्कळ दिवस मानले गेले. स्पेनमधील मुर्सिया विद्यापीठात पाब्लो आर्ताल व त्यांचे सहकारी यांनी मेणबत्तीच्या जागी अवरक्त दिव्यांचे अर्धवर्तुळ योजून तीच प्रतिबिंबे कॅमेऱ्याने टिपली, आणि २००६–०७ च्या सुमारास जे दाखविले ते मला विलक्षण वाटते: तिरप्या दृष्टिरेषेमुळे स्वच्छमंडल प्रकाशबिंदूला धूमकेतूसारखे शेपूट फोडते, तर भिंग त्याच्या विरुद्ध दिशेचे शेपूट देऊन ते बव्हंशी पुसून टाकते. दूरदृष्टी असलेल्या डोळ्यांत हा कोन मोठा, म्हणून स्वच्छमंडलाचा दोषही मोठा. पण भिंगाची भरपाईही त्याच प्रमाणात मोठी.

मोतीबिंदू काढल्यावर ही भरपाई करणारे मूळ भिंगच जाते, आणि त्याच्या जागी बसविलेले कृत्रिम भिंग कलले वा सरकले तर प्रतिमा बिघडते. हा कल मोजण्यासाठी आजही पुर्किन्येच्या तिसऱ्या व चौथ्या ज्योतीच उपयोगी पडतात. कृत्रिम भिंगाचा वक्रीभवनांक भोवतालच्या द्रवाहून बराच निराळा असल्याने त्या नैसर्गिक भिंगातल्यापेक्षा अधिक उजळ दिसतात.