निधीची संध्याकाळ आणि नंतरची दोन वर्षे

चातुर्मासाची सांगता झाली की आपल्या समाजातील मंडळांना आणि विश्वस्त संस्थांना निधिसंकलनाच्या कार्यक्रमांचे वेध लागतात. सुबक निमंत्रणपत्रिका घरी येते. तीत संगीतसंध्या, मान्यवरांचा सत्कार आणि सहभोजन यांच्या खाली एक ओळ असते : ‘सर्व उत्पन्न गरजू युवक-युवतींच्या रोजगार-प्रशिक्षणासाठी’. मोठ्या शहरांतील ही प्रथा आता लहान गावांतही रुजू लागली आहे आणि तिचे स्वागतच करावयास हवे. वह्यावाटप आणि आरोग्यशिबिरे यांच्या पुढे जाऊन समाज तरुणांच्या हाताला काम देण्याचा विचार करू लागला, ही समाधानाची बाब होय. मात्र ज्या ओळीवर विश्वास ठेवून आपण देणगी देतो, त्या ओळीचे पुढे काय होते हे विचारण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेच्या कर्ज विभागात गेल्यामुळे मला तो प्रश्न पडतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्याचा विचार करताना तर तो फारच निकडीचा वाटतो.

जाहीर, जमा आणि खर्च

समारंभात माणूस एरवीपेक्षा सढळ हाताने देतो. पर्युषणातील चढाव्यांमुळे हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शेजारच्याने आकडा बोलला की आपलाही आकडा वाढतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु हिशेबाच्या वहीत ‘जाहीर’ आणि ‘जमा’ हे दोन वेगळे रकाने असतात. व्यासपीठावरून घोषित झालेली रक्कम जोवर खात्यात येत नाही, तोवर तिच्या भरवशावर एकाही मुलाला प्रशिक्षणाला पाठवता येत नाही. तिसरा रकाना खर्चाचा. सभागृह, रोषणाई, ध्वनिव्यवस्था, कलावंतांचे मानधन आणि जेवणावळ वजा जाता मूळ कारणासाठी किती उरले, हा आकडा पुढच्या सभेत वाचून दाखवला गेला पाहिजे. स्वामीवात्सल्याचा लाभ एखादे कुटुंब घेते, त्याच रीतीने समारंभाचा सारा खर्च लाभार्थी परिवारांनी उचलला, तर पत्रिकेवरील ‘सर्व उत्पन्न’ हे शब्द खरे ठरतील.

समारंभाविना उभ्या राहिलेल्या निधीचे एक थोर उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मुष्टिफंड उभारला. खेड्यातील घराघरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढले जाई आणि त्यावर गरिबांची मुले शिकत. वसतिगृहाची चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी स्वतःचे दागिने मोडले. मुलेही नुसती घेणारी नव्हती. ती शेतात राबत, बांधकामावर काम करीत आणि त्या श्रमातून ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत घडली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. रोजच्या मुठीने दिलेले दान वर्षभर पुरते, हे त्या काळच्या निर्धन खेड्यांनी दाखवून दिले.

उजिरेहून नंदुरबारपर्यंत

दुसरे उदाहरण माझ्या व्यवसायाशी निगडित आहे. कर्नाटकातील धर्मस्थळ हे मंजुनाथेश्वराचे क्षेत्र. देवस्थान शिवाचे, पुजारी वैष्णव आणि धर्माधिकारीपद मात्र परंपरेने जैन हेग्गडे घराण्याकडे, अशी तेथील व्यवस्था आहे. धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांच्या पुढाकाराने, धर्मस्थळाच्या शिक्षण न्यासाने सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांच्या सहकार्याने १९८२ मध्ये जवळच्या उजिरे गावी ‘रुडसेटी’ ही संस्था सुरू केली. ग्रामीण बेरोजगार तरुणांना काही दिवसांचे किंवा काही आठवड्यांचे निवासी प्रशिक्षण द्यावयाचे, त्यासाठी एक पैसाही घ्यावयाचा नाही, आणि प्रशिक्षण संपल्यानंतर दोन वर्षे त्या तरुणाची विचारपूस करीत राहावयाचे, असा तिचा शिरस्ता. ही अखेरची अट मला सर्वांत मोलाची वाटते. शिकवणी आठवड्यांची आणि पाठराखण वर्षांची, हे प्रमाण ठरवणाऱ्याला माणसाच्या अडचणींची नेमकी जाण असली पाहिजे.

हा प्रयोग केंद्र शासनाच्या ग्रामविकास मंत्रालयाने उचलला आणि २००९ पासून ‘ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था’ या नावाने देशभर जिल्हावार संस्था उभ्या राहू लागल्या. बँकिंगच्या बोलीत आपण तिला ‘आरसेटी’ म्हणतो. प्रत्येक संस्थेची जबाबदारी बँकेकडे, बहुधा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे असते. नंदुरबारमध्ये ती भारतीय स्टेट बँकेकडे आहे. म्हणजे एका धर्मस्थळाच्या दानातून निघालेला झरा सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. आपल्यापैकी किती जणांना याची माहिती आहे?

त्याची गरज किती आहे, हे आकडे सांगतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,४८,२९५ होती. त्यांत सुमारे ६९ टक्के आदिवासी बांधव. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, जेव्हा राज्याची सरासरी ८२ टक्क्यांच्या वर होती. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर ऊस, केळी, पपई आणि मिरची पिकते. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात पोटापुरती शेती, मोह आणि आमचूर. दिवाळीनंतर असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात आणि त्यांच्याबरोबर शाळा अर्धवट सोडलेली मुलेही जातात. जो तरुण गावातच दुचाकी दुरुस्त करू शकेल, वीजजोडणी करू शकेल, शेळ्या पाळून बाजार गाठू शकेल, त्याचे एक स्थलांतर टळेल आणि त्याच्या धाकट्या भावंडांची शाळा वाचेल.

दहा हजारांची अडचण

प्रशिक्षण, निवास आणि भोजन आरसेटीत मोफत असते. मग देणगीदारांनी करावे तरी काय? अडचण सुरू होते ती प्रमाणपत्र घेऊन मुलगा घरी परततो त्या दिवसापासून. उदाहरण म्हणून प्रधानमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रम घेऊ. समजा, अक्राणीतील एका आदिवासी तरुणीने दोन लाख रुपयांचा शिवणकामाचा प्रकल्प मांडला. तिचा स्वतःचा हिस्सा पाच टक्के, म्हणजे १०,००० रुपये. उरलेले १,९०,००० रुपये बँकेचे कर्ज. ग्रामीण भागातील विशेष प्रवर्गासाठी ३५ टक्के अनुदान आहे, म्हणजे ७०,००० रुपये. परंतु ते तिच्या हाती पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपाने राहते आणि व्यवसाय चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळते होते. एवढी चांगली योजना असूनही अनेकदा घोडे अडते ते पहिल्या दहा हजारांवर. ज्या घरात रोजची मजुरी हेच उत्पन्न, तेथे ती रक्कम सावकाराकडून येते, आणि यंत्र घरी येण्याआधीच व्याज सुरू होते.

येथे समाजाच्या निधीला खरे काम आहे. मात्र हे साहाय्य कर्ज म्हणून देऊ नये. उसन्या पैशातून भरलेला हिस्सा म्हणजे एका कर्जाखाली दुसरे कर्ज, आणि असा व्यवसाय पहिल्याच मंदीत बसतो. ते अनुदान म्हणूनच द्यावे. स्थिरस्थावर झाल्यावर तिने पुढच्या एका मुलीला तेवढेच द्यावे, असा शब्द तेवढा घ्यावा. एका समारंभातून खर्च वजा जाता दहा लाख उरले, तर त्यातून शंभर जणांचा हिस्सा भरला जाऊ शकतो. तेवढ्याच रकमेत एक मध्यम आकाराची खोली आणि तिच्या दारावर एक संगमरवरी पाटीही होऊ शकते. निवड आपली आहे.

पैशाने मात्र अर्धेच काम होते. नवा व्यवसाय बुडण्याची जी कारणे मी कर्जाच्या फाइलींमधून वाचली, ती बहुधा साधीच असत. घरात आजारपण आले आणि खेळते भांडवल दवाखान्यात गेले. यंत्राचा एक भाग मोडला आणि तो कोठे मिळतो हे ठाऊक नव्हते. उधारी वाढली आणि मागण्याचा संकोच वाटला. नवापूरचे कुक्कुटपालन २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूने एकाएकी कोसळले, तेव्हा तर वर्षानुवर्षे मुरलेले व्यावसायिकही हवालदिल झाले. नवख्याची काय कथा! तीन हप्ते चुकले की खाते थकीत होते आणि पुढचे कर्ज मिळण्याची वाट बंद होते. त्या तीन महिन्यांत कोणी जाणता माणूस दारी गेला, तर हे बहुतेक वेळा टाळता येते.

असे जाणते लोक आपल्या पेढ्यांवर बसलेले आहेत. माल कोठून घ्यावा, उधारी किती द्यावी, रोकड कशी सांभाळावी, हे व्यापारी घरांतील मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. हे ज्ञान आपल्याला वारशाने मिळाले, म्हणून त्याचे मोल जाणवत नाही. एका व्यापाऱ्याने एका तरुणाची दोन वर्षे महिन्यातून एकदा वही पाहिली, ठोक दुकानाची ओळख करून दिली, दुकानाच्या पिशव्या शिवण्याचे काम दिले, तर ते दान कोणत्याही धनादेशाहून कमी नाही. मुलाखतीला जाताना त्या भागातील पावरी किंवा मावची बोलणारा कोणी सोबत असावा. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला संकोचाने ‘हो’ म्हणणारी मुले मी पाहिली आहेत.

हा निधी केवळ आपल्या मुलांसाठी असावा की सर्वांसाठी, असा प्रश्न सभांमधून निघतो. आपल्यातील गरजू कुटुंबांना विसरावे, असे कोणी म्हणणार नाही. साधर्मिकांसाठी वेगळे खाते जरूर असावे. परंतु या जिल्ह्यातील आपल्या पेढ्या ज्यांच्या मिरचीवर, कापसावर आणि खरेदीवर चालल्या, ते शेतकरी-मजूर या मातीचेच आहेत. भाऊरावांच्या वसतिगृहात आणि उजिरेच्या संस्थेत प्रवेश देताना जात-धर्म विचारला गेला नाही. आपणही तो विचारू नये.

देणगीदारांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने दिल्यास प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, म्हणून ती धनादेशाने वा खात्यातून द्यावी. नव्या करप्रणालीची निवड केलेल्यांना ही वजावट मुळातच नाही, हेही ध्यानात ठेवावे. गुप्तदानाची आपली परंपरा थोर आहे. पण नाव व्यासपीठावर न सांगणे वेगळे आणि पावतीवर न लिहिणे वेगळे. पावती घ्यावीच.

आणि पुढच्या निमंत्रणपत्रिकेवर ती ओळ दिसली, की आयोजकांना नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी जाहीर झालेल्यापैकी जमा किती झाले? त्यातून किती जण शिकले? आणि त्यांपैकी आज किती जण आपल्या व्यवसायावर उभे आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कोणाला तरी धडगावचा घाट चढून जावे लागेल, दुकानाचे दार वाजवावे लागेल. त्या प्रवासाचे भाडे निधीतून खर्ची घालण्यास देणगीदार म्हणून आपण आनंदाने संमती द्यावी.