पाड्यावरच्या शाळेत पावसाचा धडा




पाड्यांवरील अभ्यासवर्गांत आणि वसतिगृहांत आपण मुलांना हवामानाचे धडे देतो. त्यावर काही मंडळींतून प्रश्न येतो की, मुलांचे लिहिणे-वाचणे, जेवण, औषधपाणी ही कामे पुढ्यात असताना पर्जन्यमापक आणि वातकुक्कुट कशाला? प्रश्न रास्त आहे. आपण प्रार्थनेने आणि दानाने या कामाला हातभार लावता, तेव्हा या धड्यांत काय शिकवले जाते आणि का, हे आपणांस नीट कळायला हवे.

पाऊस भरपूर, नोंद मात्र नाही

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ भाग घ्या. वारली, कातकरी, कोकणा, महादेव कोळी अशा समाजांची इथे वस्ती आहे. चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे कोसळतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच भागातल्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. इथल्या माणसाचे सारे वर्ष आभाळाशी बांधलेले असते. राब कधी भाजायचा, भाताची आणि नागलीची पेरणी कधी करायची, आवणी कधी उरकायची, गुरे डोंगरावर न्यायची की नाही, शाळेच्या वाटेवरचा ओहोळ ओलांडायचा की थांबायचे, हे सगळे हवेवर ठरते.

दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. पावसाच्या तोंडावर ती परततात. म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात पाडा भरलेला असतो आणि वर्गही. मुले हाताशी असतात आणि शिकण्याचा विषय छपरावर पडत असतो. हवामान शिकवायला याहून चांगली वेळ नाही.

आधी घरचे ज्ञान

आम्ही सुरुवात पुस्तकापासून करत नाही. मुंग्या अंडी घेऊन वर चढू लागल्या, पावशा ओरडू लागला, टिटवीने अंडी उंचावर घातली, काजवे चमकू लागले, या खुणा मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या असतात. शिक्षकाने त्यांना हसू नये. नीट पाहणे ही विज्ञानाची पहिली पायरी आहे आणि आदिवासी मूल ती चढूनच शाळेत येते. दुसरी पायरी लिहून ठेवण्याची. टिटवीची अंडी कोठे दिसली ते वहीत लिहा, पाऊस किती झाला तेही लिहा, आणि दसऱ्याच्या सुमारास दोन्ही ताडून पाहा. खूण खरी ठरली की नाही हे मूल स्वतः सांगते. मोठ्यांचा अपमान होत नाही आणि मुलाला पारखण्याची सवय लागते.

भाषेचेही तसेच. ‘बाष्पीभवन’ आणि ‘सांद्रीभवन’ हे शब्द घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला परके असतात. म्हणून आधी भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलून दाखवायचे. वाफ वर गेली, थंड झाकणाला लागली, तिचे थेंब झाले आणि ते खाली पडले. याला तुमच्या बोलीत काय म्हणता, ते मुलांना विचारायचे. पुस्तकातला शब्द त्यानंतर द्यायचा, मग तो विसरत नाही.

पहिली ते चौथीच्या मुलांनी रोज फळ्यावर ढग, ऊन किंवा पाऊस यांचे चित्र काढले तरी पुरे. पाचवी ते आठवीची मुले मोजतात, सरासरी काढतात आणि आलेख काढतात.

स्वस्तातली साधने

पर्जन्यमापक घरी बनतो. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी थोडे खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी ओतावे आणि त्या पातळीवर शून्याची रेघ मारावी. शून्यापासून वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा कराव्यात. बाटली झाडापासून आणि वळचणीपासून दूर, मोकळ्या जागी, जमिनीवरचे शिंतोडे आत उडणार नाहीत इतक्या उंचीवर घट्ट बसवावी. रोज सकाळी साडेआठ वाजता मोजायचे, कारण भारतीय हवामान विभागही त्याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतो. नोंद झाली की शून्याच्या रेघेपर्यंत पाणी ठेवून बाकीचे ओतून द्यायचे. मुसळधार पावसात बाटली भरून वाहू नये म्हणून दिवसातून दोनदा मोजून बेरीज करायची.

या मिलिमीटरचा अर्थ मुलांना कळला की गणित जिवंत होते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर होते. वर्गाचे छप्पर दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल तर ५० चौरस मीटर. त्यावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर पाणी. अडीच हजार मिलिमीटर पावसात त्याच एका छपरावर सव्वा लाख लिटर पाणी पडते. ते सगळे साठवता येणार नाही, पण मे महिन्यात हंडा घेऊन रांगेत उभे राहणाऱ्या मुलीने हा हिशेब स्वतः मांडला, तर पन्हळ आणि टाकी यांचा विचार तिच्या मनात कायमचा रुजतो.

वातकुक्कुट पुठ्ठा, सुई आणि बांबूची काडी यांतून होतो. युरोपातल्या जुन्या चर्चच्या मनोऱ्यांवर हा कोंबडा असतो आणि पेत्राच्या नाकाराची आठवण म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. मुलांना यात एक गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते. वाऱ्याला नाव मिळते ते तो जिकडून येतो त्या दिशेवरून. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात.

हे वारे का येतात, हे दोन वाट्यांनी समजते. एकीत माती आणि एकीत पाणी भरून दोन्ही उन्हात ठेवायच्या. तासाभराने माती चटका देते, पाणी कोमटच असते. उन्हाळ्यात जमीनही अशीच समुद्राहून जास्त तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची दमट हवा तिची जागा घ्यायला धावते. सह्याद्री तिला अडवतो, ती वर चढते, थंड होते आणि पाऊस पडतो. डोंगर ओलांडेपर्यंत तिच्यातले पाणी बरेच सरते. म्हणूनच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजारही होत नाही.

विजेचा धडा

सगळ्या धड्यांत हा सर्वांत मोलाचा, कारण यावर जीव अवलंबून असतात. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून दगावतात. त्यांत शेतात राबणारी आणि गुरे राखणारी माणसे पुष्कळ असतात. पावसाच्या आधीच्या वादळांत आणि परतीच्या पावसात, म्हणजे नेमके भातकापणीच्या दिवसांत, धोका अधिक असतो.

कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, हे मुलांना माहीत असते. उंच काळ्या ढगात बर्फाचे कण एकमेकांवर आपटून असाच भार साठतो, फक्त अफाट प्रमाणात, आणि तो जमिनीकडे वाट शोधतो. उंच वस्तू त्याला जवळची पडते. एकटे झाड म्हणूनच धोक्याचे.

मुलांकडून पुढील गोष्टी पाठ करून घेतल्या जातात:

• वीज दिसताच मोजायला लागायचे. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ताबडतोब पक्क्या इमारतीत जायचे.
• शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही.
• झाडाखाली थांबायचे नाही. आवणीच्या पाण्यातून, नदी-ओहोळातून बाहेर यायचे. तारेचे कुंपण आणि विजेचे खांब यांपासून दूर राहायचे.
• आसरा जवळ नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसायचे. जमिनीवर आडवे व्हायचे नाही.
• वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर मोठ्यांनी लगेच छाती दाबण्याचे प्रथमोपचार सुरू करायचे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची.

शेवटचा मुद्दा मुलांइतकाच पालकांनाही सांगावा लागतो. शिवले तर आपल्यालाही झटका बसेल या भीतीने माणसे दूर उभी राहतात. काही ठिकाणी जखमीला शेणात पुरून ठेवण्याची रीत आहे. त्यात वाचवता येण्याजोगी मिनिटे निघून जातात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप जवळपास वीज पडण्याची सूचना देते. ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, तिथे मात्र मोजायला शिकलेले मूल हीच सूचना. रेंज येते तिथे मोठी मुले हवामान विभागाचे रंगही शिकतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा.

श्रद्धेला यात धोका आहे का?

काही विश्वासणारे विचारतात की, पाऊस देवाच्या हाती असताना मोजमापाचे काय काम? लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय उघडून पाहा. पश्चिमेला ढग दिसला की पाऊस येणार आणि दक्षिणेचा वारा सुटला की उष्मा होणार, हे लोक ओळखतात, असे प्रभू तिथे म्हणतो. ती निरीक्षणे तो खोटी ठरवत नाही. आभाळ वाचता येते तर हा काळ का ओळखत नाही, हा त्याचा सवाल आहे. त्या देशाच्या पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला वाळवंट आहे, म्हणून ती लक्षणे खरी ठरत. कोकणच्याही पश्चिमेला समुद्रच आहे. गालीलातल्या शेतकऱ्याची खूण आमच्या मुलांना म्हणूनच चटकन समजते. देवाने सृष्टी नियमाने चालवली आहे, तेव्हाच तर ती मोजता येते.

त्याच्या पुढच्याच अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका, असे येशू बजावतो. वीज पडून घरातला माणूस गेला की कुठे कुठे त्या घराकडे बोट दाखवले जाते. कोप झाला, करणी झाली, असे बोलले जाते. आधीच दुःखात असलेल्या विधवेवर हा दुसरा घाव असतो. वीज कशी पडते हे कळलेले मूल तो घाव घालणार नाही. प्रेमाची शिकवण आणि विज्ञानाची शिकवण इथे एकाच बाजूला उभ्या आहेत.

आपल्या मुलींना आणखी एक नाव आवर्जून सांगितले जाते. केरळातील सिरियन ख्रिस्ती कुटुंबात १९१८ साली जन्मलेल्या अण्णा मणी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान विभागात रुजू झाल्या. स्वतंत्र भारताची हवामानयंत्रे इथेच बनावीत यासाठी त्यांनी शंभरच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. बाटलीच्या पर्जन्यमापकावर वाकून रेघ पाहणाऱ्या मुलीला हे ठाऊक असायला हवे.

आपण काय करू शकता

प्रत्येक वर्गाला एक तापमापक, एक जाड नोंदवही, पट्ट्या आणि आलेखाचे कागद लागतात. बाटल्या तर आपल्या घरातही पडून असतात. ज्यांना विज्ञानाचे शिक्षण आहे अशा मंडळीतील तरुणांनी पावसाळ्यात एक शनिवार पाड्यावरच्या वर्गाला द्यावा. परिचारिका असलेल्या भगिनींनी मोठ्या मुलांना आणि पालकांना प्रथमोपचार शिकवावेत.

प्रार्थनेत पुढील गोष्टी आठवाव्यात: ओहोळ ओलांडून शाळेत येणारी मुले, कापणीच्या दिवसांत शेतात असणारी कुटुंबे, दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या मुलांचे शिक्षण, आणि तुटपुंज्या साधनांत शिकवणारे शिक्षक.

प्रभू आपणांस व आपल्या घराण्यास आशीर्वादित करो.