नव्वद लाख सायकली आणि विश्वाची कड

प्रेमगीतात आकडा आला तर तो कोणी तपासून पाहत नाही. मात्र २००५ साली ब्रिटनमध्ये एका गाण्यातील आकडा तपासला गेला. त्यावरून वर्तमानपत्रात लेख आला, आणि अखेर गायिकेने बीबीसीच्या रेडिओवर ती ओळ गंमत म्हणून नव्याने गाऊन दाखवली.

ते गाणे केटी मेलुआ या गायिकेचे. बीजिंगमधील नव्वद लाख सायकली हा त्याचा विषय. माइक बॅट आणि मेलुआ बीजिंगला गेले असता तेथील दुभाष्याने त्यांना हा आकडा सांगितला, आणि बॅट यांनी त्यावर गाणे रचले. पुढच्या एका कडव्यात आपण विश्वाच्या कडेपासून १२ अब्ज प्रकाशवर्षे दूर आहोत असा उल्लेख येतो. मात्र ही केवळ अटकळ असून तिचा खरेखोटेपणा कोणालाच सांगता येणार नाही, अशी पुस्तीही जोडलेली आहे.

विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी 'द गार्डियन'मध्ये या ओळीला हरकत घेतली. फर्माच्या शेवटच्या प्रमेयावरील पुस्तकामुळे ते आपल्याकडील वाचकांनाही परिचित आहेत. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक म्हणजे आकडा १२ नव्हे, १३.७ हवा, चूक सुमारे १२ टक्क्यांची आहे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे ही अटकळ नव्हे. डब्ल्यूमॅप या अंतराळयानाच्या निरीक्षणांवरून २००३ मध्ये विश्वाचे वय १३.७ अब्ज वर्षे असल्याचे जाहीर झाले होते, आणि त्यातील संभाव्य त्रुटी सुमारे एक टक्का असल्याचेही त्याच वेळी सांगण्यात आले होते. सिंग यांनी सुचविलेल्या ओळीत त्रुटीच्या मर्यादेचा उल्लेख होता. साहजिकच ती चालीत बसेना. मेलुआ यांनी मात्र ती मोठ्या खिलाडूपणाने गायिली.

गंमत अशी की, सायकलींचा आकडा या गाण्यात नाकारता न येणारे तथ्य म्हणून येतो. वास्तविक अटकळ असलीच तर ती हीच! कोणा वाटाड्याने सहज सांगितलेला, नऊवर सहा शून्ये असलेला इतका गोल आकडा. तो अगदीच अशक्य आहे असे नव्हे. त्या काळी बीजिंगची लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास होती. म्हणजे दर पाच माणसांमागे तीन सायकली. चिनी शहराच्या बाबतीत हे पटण्याजोगे आहे. एका सायकलीची लांबी १.८ मीटर धरली, तर या सायकलींची रांग १६,२०० किलोमीटर होईल, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन-पंचमांश. परंतु मोजणी कोणी केली, कशी केली, चूक किती असू शकेल, हे काहीच ठाऊक नाही. ज्याचे मोजमाप झाले त्याला अटकळ म्हणायचे आणि ज्याचे झाले नाही त्याला तथ्य, असा हा उलटा न्याय आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. पिकांची नजरअंदाज पैसेवारी वेगळी आणि पीक कापणी प्रयोगांनंतरची अंतिम पैसेवारी वेगळी. पन्नास पैशांची रेषा कोणत्या आकड्याने ओलांडली, यावर गावाला मिळणाऱ्या सवलती अवलंबून असतात.

तथापि सिंग यांचा आकडाही सर्वस्वी निर्दोष नव्हता. १३.७ अब्ज वर्षे हे विश्वाचे वय झाले. अंतर तेवढेच असेल असे नाही. ताणल्या जाणाऱ्या रबरी पट्टीवरून एक मुंगी चालत येत आहे, अशी कल्पना करा. ती आपल्यापर्यंत पोहोचते तोवर, ती जेथून निघाली ते टोक बरेच दूर गेलेले असते. प्रकाशाचेही तसेच. दृश्य विश्वाची कड आज आपल्यापासून सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. शिवाय २०१३ मध्ये प्लँक यानाच्या निरीक्षणांवरून वयाचा आकडाही १३.८ वर गेला. म्हणजे गाणे पुन्हा दुरुस्तीला आले.

त्याच वर्षी, नोव्हेंबर २००५ मध्ये, केट बुश यांचा 'एरिअल' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील एका गाण्याचे नावच 'पाय' आहे. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या या गुणोत्तराचे शंभराहून अधिक अंक बुश संथपणे, जणू अंगाईच्या सुरात, गात जातात. हिशेबी श्रोत्यांनी येथेही चूक शोधलीच. पहिले पन्नास दशांश अंक बिनचूक आहेत. त्यानंतर एके ठिकाणी शून्य चुकते, आणि ७८व्या दशांश स्थानानंतर सलग २२ अंक गळून गाणे थेट १०१व्या स्थानावर जाते.

ही चूक किती मोठी? आधीच्या गाण्यातील विश्वाची कड येथे कामी येते. ४६ अब्ज प्रकाशवर्षे त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ हायड्रोजनच्या एका अणूइतक्या अचूकतेने काढायचा असेल, तर 'पाय'ची ३७ दशांश स्थळे पुरेशी होतात. अमेरिकेची अंतराळ संस्था नासा ग्रहांमधील प्रवासाच्या गणितासाठी १५ स्थळांवर काम भागवते. २५ अब्ज किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळातही त्यामुळे परिघात साधारण एका सेंटिमीटरचाच फरक पडतो. बुश यांच्या गाण्यातील 'पाय' वापरून कोणी विश्वाला दोरी गुंडाळली, तरी ती एका अणूनेही आखूड पडणार नाही. १२ टक्क्यांची चूक मेलुआ यांच्या पदरी घालता येईल. बुश यांची चूक पाठांतराची.

'पाय'चे अंक छंदात बांधण्याची कल्पना मात्र नवी नाही. आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास एका आर्येत त्याची कृती सांगितली आहे: शंभरात चार मिळवा, आठाने गुणा, त्यात बासष्ट हजार मिळवा, २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा हा परीघ. उत्तर येते ६२,८३२, म्हणजे 'पाय' ३.१४१६. आणि हा परीघ 'आसन्न', म्हणजे जवळपासचा आहे, हेही आर्यभटाने त्याच आर्येत नमूद केले आहे. ज्या त्रुटीच्या उल्लेखासाठी सिंग यांना चाल मोडावी लागली, तो येथे वृत्त सांभाळून आला आहे. या किमतीने ७० सेंटिमीटर व्यासाच्या सायकलीच्या चाकाचा परीघ काढला, तर चूक होते मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी. माणसाच्या केसाची जाडी याच्या दहापट तरी भरेल.