बर्फ सर्वांवर सारखा पडतो, तयारी मात्र सारखी नसते

हेमिस आणि ठिकसेचे विहार पाहायला महाराष्ट्रातून अनेक बौद्ध बांधव उन्हाळ्यात लेहला जातात. सप्टेंबर सरला की पर्यटक उतरणीला लागतात, हॉटेलांना कुलपे लागतात आणि हे छोटे शहर हिवाळ्याच्या तयारीला लागते. २०११ च्या जनगणनेत लेहची लोकसंख्या होती ३०,८७०. एवढ्याशा शहराची तयारी समजून घेतली, तर आपत्तीच्या वेळी समाज कोणाला धरून राहतो आणि कोणाला विसरतो, हेही समजते.

बर्फ कमी, तरी संकट मोठे

लेह हे थंड वाळवंट आहे. तिथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पाणी पडते. पावसाळ्यात मुंबईत कधी कधी एका दिवसात याहून जास्त पाऊस होतो. मग तयारी कशाची?

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात रात्रीचे तापमान उणे २० अंशांपर्यंत उतरू शकते. श्रीनगरकडचा रस्ता झोजिला खिंडीतून जातो आणि मनालीकडच्या रस्त्यावर बारालाचासारख्या उंच खिंडी आहेत. खरा बर्फ साचतो तो या खिंडींत. पूर्वी झोजिला पाच-सहा महिने बंद राहायची. सीमा रस्ते संघटनेच्या कामामुळे अलीकडे हा काळ काही आठवड्यांवर आला आहे, पण रस्ता कधी बंद होईल आणि कधी उघडेल याची खात्री कोणी देत नाही. विमानेही हवामान बिघडले की रद्द होतात. म्हणून धान्य, गॅस, रॉकेल, औषधे हे सारे आधीच भरून ठेवावे लागते.

घरातली तयारी

जुनी पद्धत शहाणपणाची आहे. बटाटे, गाजर, सलगम जमिनीतल्या खड्ड्यात पुरून ठेवायचे. पालेभाज्या आणि जर्दाळू उन्हात वाळवायचे. भाजलेल्या जवाचे पीठ आणि वाळवलेले चीज साठवायचे. शेणाच्या गोवऱ्या छतावर रचायच्या.

पाण्याचा प्रश्न वेगळा. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि नळ फुटतात. त्यामुळे कडक थंडी येण्यापूर्वी नळ रिकामे करावे लागतात. मग हातपंप किंवा टँकरच्या पाण्यावर दिवस काढायचे. लडाखचे पारंपरिक कोरडे संडास पाण्याविना चालतात, म्हणून ते हिवाळाभर उपयोगी पडतात.

सपाट मातीच्या छतावरचा बर्फ लगेच खाली ओढावा लागतो. एक चौरस मीटर छतावर एक फूट ताजा बर्फ साचला तर त्याचे वजन साधारण ३० किलो होते. तोच ओला होऊन दबला तर एवढ्याच थराचे वजन तिप्पट होऊ शकते. शिवाय वितळताना छत गळते, ते वेगळेच.

जीव घेणाऱ्या चुका

सर्वात मोठा धोका बंद खोलीतल्या शेगडीचा आहे. कोळसा, लाकूड किंवा रॉकेल अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. लेहच्या हवेत मुळातच समुद्रसपाटीच्या तुलनेत एक तृतीयांश ऑक्सिजन कमी असतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे खोलीतल्या सर्वांना एकदम जाणवली, तर ताबडतोब बाहेर पडावे. बुखारीचा धुराडा दरवर्षी साफ करावा, हवेला वाट ठेवावी आणि पेटती शेगडी घेऊन कधीही झोपू नये.

दुसरी चूक दारूची. पाचव्या शीलाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी शरीरशास्त्र तेच सांगते. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब आल्याचा भास होतो आणि आतली उष्णता वेगाने निघून जाते. थंडीने बोलणे अडखळू लागले, माणूस गोंधळला, तर त्याचे ओले कपडे बदलावेत, पांघरुणात गुंडाळावे आणि दवाखान्यात न्यावे. बधिर पडलेली बोटे चोळू नयेत, आगीवरही धरू नयेत.

यादीत कोण नाही?

लडाखी बौद्धांमध्ये ‘फास्पुन’ नावाची जुनी व्यवस्था आहे. काही घरांचा एक गट असतो. जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी ही घरे एकमेकांच्या मदतीला धावतात. असा गट पाठीशी असला की एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या दारातला बर्फ काढायलाही कोणीतरी येते.

पण ज्यांचा फास्पुनच नाही, त्यांचे काय? लडाखच्या रस्त्यांवर झारखंडमधून आलेले आदिवासी मजूर राबतात. मे २०२० मध्ये टाळेबंदीत तिथे अडकलेल्या ६० मजुरांना झारखंड सरकारने विमानाने परत नेले, तेव्हा देशाला त्यांची आठवण झाली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराकडे पुरलेली भाजी नसते, गोवऱ्यांची रास नसते आणि साठवणीला एकरकमी पैसेही नसतात. पत्र्याच्या बंद खोलीत शेगडी पेटवून झोपण्याची वेळ त्याच्यावरच येते.

बौद्ध लडाखमध्येही उच्चनीचता होती, हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे. मोन वादक, गारा लोहार आणि बेडा यांना परंपरेने बसण्याच्या रांगेत शेवटची जागा मिळे. १९८९ मध्ये हे तिन्ही समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आले. ज्याला पंगतीत शेवटी बसवले जाते, त्याच्या दारापर्यंत मदतही शेवटी पोहोचते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

तरुणांनी काय करावे

१९८८ मध्ये काही लडाखी तरुणांनी ‘सेकमॉल’ ही संस्था उभी केली. फे गावातल्या तिच्या मातीच्या इमारती दक्षिणेकडच्या उन्हावरच ऊबदार राहतात. म्हणजे तरुणांनी हिवाळ्यावर उपाय शोधण्याची वाट तिथे आधीच पडलेली आहे.

आता हिशेब घरांबरोबर माणसांचाही हवा. ऑक्टोबर संपण्यापूर्वी प्रत्येक गल्लीत फिरून यादी करता येते: एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, रोजची औषधे घेणारे रुग्ण आणि भाडेकरू मजूर. प्रत्येक नावापुढे एका शेजाऱ्याचे नाव लिहावे. मजुरांच्या खोल्यांतले धुराडे तपासावेत. ठेकेदाराने मजुरांना ऊबदार निवारा आणि सरपण दिले आहे का, हे विचारावे. दिले नसेल तर प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. मजुरांना मिळणारी ऊब कोणाच्या दयेवर सोडायची नाही, तो त्यांचा हक्क आहे.

महाराष्ट्रातल्या वस्त्यांत पूर येण्याआधीही अशीच यादी लागते. ती करताना पहिला प्रश्न एकच विचारावा: यात कोणाचे नाव राहिले?